खडीच्या वाटेनं माणदेश

सातारा-पंढरपूर रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. पुसेगाव, दहिवडी, गोंदवलं, म्हसवड ही गावं त्यावरून भराभर मागं पडतात. वारकऱ्यांना, एसटीला, मालट्रकना तो सोयीचा आहे आणि तसा तो हवाच. पण मोटरसायकलवरून एकट्यानं माणदेश बघायला निघालेल्या माणसाला त्यावरून दिसतात ते ढाबे, पेट्रोलपंप आणि किलोमीटरचे दगड. म्हणून दिवाळी सरली, सकाळच्या हवेत गारवा आला, की मी जुनी स्प्लेंडर काढतो, म्हसवडला सिद्धनाथापुढं हात जोडतो आणि तिथून पुढं डांबर सोडतो. राजेवाडीचा तलाव, दिघंची, आटपाडी, माडगुळं, खरसुंडी अशी माझी वाट. डांबरी रस्त्यानं हे सगळं दुपारच्या जेवणाआधी उरकेल. शिवरस्ते, पाणंदी आणि कालव्याकडेच्या वाटा जोडत गेलं, की तिन्हीसांजा होतात.

१९४३ साली देशातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी भारतातल्या रस्त्यांची उतरंड ठरवून दिली. राष्ट्रीय महामार्ग, मग प्रांताचे महामार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि सगळ्यात खाली ग्रामीण मार्ग. कडेच्या दगडांवर ‘प्रजिमा’, ‘इजिमा’, ‘ग्रामा’ अशी आद्याक्षरं आजही दिसतात. इजिमावरून ग्रामावर उतरलं की डांबराच्या कडा कुरतडलेल्या दिसू लागतात, पुढं ते मधल्या पट्ट्यापुरतं उरतं आणि एखाद्या ओढ्यापाशी संपतं. त्याच्याही खालच्या वाटांना क्रमांक नसतो. गाडीवाट, पाणंद, शिवरस्ता. रस्ता विचारला तर माणसं झाडं, विहिरी आणि वस्त्या सांगतात: शिवेच्या लिंबापाशी डावीकडं, पडकी विहीर उजव्या हाताला ठेवायची, पुढं मेंढरांचा वाडा लागेल. मोबाईलवरचा नकाशा इथं कामाला येत नाही. एकटं असलं की विचारावंच लागतं, आणि विचारलं की थांबावं लागतं. या प्रवासात माणसं भेटतात ती अशी.

खडीवर गाडी चालवायची रीत वेगळी आहे. हँडल घट्ट धरलं की पुढचं चाक दगडागणिक हिसका देतं. ते सैल धरायचं, मांड्यांनी टाकी आवळायची, आणि फारच उखडलेलं असेल तर फूटरेस्टवर उभं राहायचं, म्हणजे गचके गुडघ्यांत जिरतात. पुढच्या ब्रेकला जपून हात लावायचा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा ओढा कायम ठेवायचा. मुख्य म्हणजे नजर. खड्ड्याकडं बघत राहिलं की गाडी खड्ड्यातच जाते. जिथून जायचं तिथं बघितलं की ती तिथून जाते. जिथं ट्रॅक्टर आणि टेम्पो वेगानं ये-जा करतात तिथं रस्त्याला आडव्या लाटा पडलेल्या असतात, पन्हाळी पत्र्यासारख्या. चाक एका उंचवट्यावरून उडतं, पुढं आपटतं, आपटतं तिथली माती सरकवतं आणि पुढच्या चाकासाठी नवा उंचवटा तयार करून ठेवतं. अशा ठिकाणी वेग गाडी ठरवत नाही, जमीन ठरवते. दिवसभर जमिनीचं ऐकत जाणं हे मला फार मोलाचं वाटतं. शहरात आपण ज्या वेगानं जगतो त्यात पायाखाली काय आहे याचा विचारच येत नाही. इथं तो क्षणभरही सुटत नाही.

आणि पायाखाली जे आहे ते बघण्याजोगं आहे. जॉन मॅकॅडम या स्कॉटिश माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक साधी गोष्ट दाखवून दिली. दगड हातानं बारीक फोडला, त्याला टोकं आणि कडा राहू दिल्या आणि नीट पसरला, तर वरून जाणाऱ्या चाकांच्या भारानंच ते तुकडे एकमेकांत अडकून बसतात. रस्ता मधे थोडा उंच ठेवला की पाणी कडेला निथळून जातं. आपल्याकडं खडीकरण चालतं ते याच तत्त्वावर: खाली मोठ्या दगडांचं सोलिंग, वर खडी, फटींत मुरूम, मग पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. खडी एकमेकीत अडकते आणि मुरूम तिला धरून ठेवतो. पावसानं मुरूम वाहून गेला की तीच खडी सुटी होते, चाकाखाली गडगडते आणि गाडी आडवी सरकू बघते. म्हणून अशा रस्त्यावर मी खडीचा रंग बघतो. लालसर-पिवळा मुरूम धरून असलेली खडी चाक पेलते. धुऊन निघालेली काळी खडी दगा देते.

ही काळी खडी आणि हा मुरूम एकाच आईची लेकरं. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारस पसरला, थरावर थर बसले, त्याचा काळा कातळ झाला. ऊन-पावसानं कुजलेला कातळ म्हणजे मुरूम, आणि तो आणखी झिजला की माती. माणदेशात ही माती बऱ्याच ठिकाणी वीतभर खोल, तिच्याखाली लगेच मुरूम लागतो. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, अनेकदा त्याहूनही कमी. त्याच सातारा जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरहून जास्त कोसळतो. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि इकडं वारा तेवढा येतो. कुळकजाईच्या डोंगरात उगम पावलेली माणगंगा वर्षातला बराच काळ वाळूखालूनच वाहते. तरवडाची पिवळी फुलं, बाभळी, बोरी, बांधावरचं घायपात, कुसळी गवत, मधेमधे शाळूची हिरवी रानं आणि अलीकडं डाळिंबाच्या बागा. रस्त्याची खडी या रानातलीच. टेकडीचा दगड फोडून टेकडीच्याच पायथ्याला पसरलेला.

तो फोडला कुणी, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता.

राजेवाडीच्या तलावाला लोक म्हसवडचा तलाव असंही म्हणतात. तो सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या शिवेजवळ आहे. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात माणसं अन्नाला महाग झाली, तेव्हाच्या दुष्काळी कामांतून अशा तलावांना हात लागला. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, पाऊस पुन्हा गेला. विहिरी आटल्या, दावणी रिकाम्या झाल्या. सरकारनं जागोजाग कामं काढली: पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती, रस्त्यांचं मातीकाम आणि खडी फोडणं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. आपण त्या वर्षाची आठवण दुष्काळात खायला मिळालेल्या सुकडी आणि लाल मिलो या दोन वस्तूंवर भागवतो. ती ५० लाख माणसं दिवसभर उन्हात बसून काय करत होती, ते या रस्त्यांवर पसरलेलं आहे.

एका पाझर तलावाच्या बांधाखाली मी पाणी प्यायला थांबलो होतो. कडब्याच्या पेंढ्या उन्हात उलथत एक आजी तिथं बसल्या होत्या. सत्तरी कधीच ओलांडलेली.

‘कुठल्या गावचं पावनं?’

मी सांगितलं.

‘एकलंच? संगं कुनी न्हाय?’

एकटाच फिरतो म्हटल्यावर त्यांनी तांब्या पुढं केला आणि बांधाकडं बोट दाखवलं. ‘ह्यो आमच्या हातचा. बाहात्तर सालचा. आन् तू आलास त्या सडकंची खडीबी आमीच फोडली.’

मग त्यांनी फोडायची रीत सांगितली. लोखंडाची कडी जमिनीवर ठेवायची, दगड तिच्यात बसवायचा म्हणजे निसटत नाही, आणि वरून हातोडी. कपची डोळ्यात उडू नये म्हणून पदर तोंडावर ओढून घ्यायचा. खडीचा ढीग मुकादम मोजून घ्यायचा. ब्रास भरला की दाम. ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेवढी खडी फोडायला किती दिवस लागायचे, हे मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, डावा हात पुढं केला. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगून वाढलेलं होतं. नखाचे दोन्ही भाग एकमेकांपासून फटकून होते आणि मधली खाच काळी पडली होती. ‘हातुडी बसली तवाचं हाय. त्येच्यानंतर न्हाय जुळलं.’ तान्हं पोर तेव्हा लिंबाच्या झोळीत असायचं. पगार पंधरवड्यानं, कधी त्याहूनही उशिरा. हे सगळं त्या सांगत होत्या त्यात गाऱ्हाणं नव्हतं. काम झालं होतं आणि ते समोर उभं होतं, एवढंच.

त्या हातांचा मान राखणारा एक माणूस या मुलखानं दिला. वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले, त्या काळी विधान परिषदेचे सभापती. हाताला काम मागणाऱ्या प्रत्येक माणसाला काम देणं ही सरकारची जबाबदारी आहे, हा विचार त्यांनी धरून ठेवला आणि त्याचा प्रयोग तासगाव तालुक्यात १९६५ मध्येच करून पाहिला. बहात्तरच्या दुष्काळानं तो विचार राज्यभर नेला. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला त्यानं वाट दाखवली. देशातल्या कोट्यवधी माणसांना मिळालेल्या एका हक्काची सुरुवात या बाजूच्या खडीच्या ढिगांपाशी झाली, हे मला फार मोठं वाटतं. आणि तो हक्क दयेपोटी मिळालेला नाही. ज्यांनी आधी काम करून दाखवलं, त्यांच्या नावावर तो उशिरा चढला.

या वाटांवरून गाड्या यायच्या कितीतरी आधीपासून माणसं चालली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर गावात येतो तो पायी. १९५५ साली आलेली ती कादंबरी वाचलेल्या माणसाला माडगुळ्याच्या आसपासची उघडी माळरानं अनोळखी वाटत नाहीत. पण याच आटपाडीतले शंकरराव खरात ‘तराळ-अंतराळ’मध्ये जे सांगतात ते मला या रस्त्यांवर जास्त आठवतं. त्यांचे वडील तराळकी करायचे. गावचा सांगावा पुढच्या गावाला पोचवायचा, सरकारी माणसापुढं धावायचं, रात्र असो की पाऊस. महारांच्या वाट्याला आलेल्या या वेठीला वतन म्हणायचे, आणि मुंबई राज्यातली असली कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द झाली ती १९५८ मध्ये. एकच शिवरस्ता, पण त्यावरून कुणी हौसेनं चाललं, कुणी पोटासाठी, कुणी हुकमानं. आज मी पेट्रोल भरून, मला हवं तेव्हा, हवं तिथं वळतो. ही मोकळीक या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या किती जणांना नव्हती, याचा विसर पडता कामा नये.

माडगूळकर १९८३ मध्ये अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, खरात त्याच्या पुढच्याच वर्षी जळगावच्या. त्याआधी १९७३ मध्ये यवतमाळला गदिमा. पावसानं पाठ फिरवलेल्या एवढ्याशा मुलखानं दहा-बारा वर्षांत मराठीला तीन संमेलनाध्यक्ष दिले. त्यामागचं एक कारण मला या वाटांवर सापडल्यासारखं वाटतं. इथं एका वस्तीवरून दुसरीवर जाताना मधे लपायला झाडी नाही, आडोसा नाही. येणारा माणूस लांबून दिसतो, जवळ येईपर्यंत दिसत राहतो, आणि त्याच्याकडं बघत राहण्यावाचून दुसरं काही नसतं. माणसं इतकी निरखून बघायची सवय लागलेल्या मुलखात गोष्टी सांगणारे निपजणारच.

दिघंचीच्या अलीकडं मेंढरं समोर आली. दिवाळीनंतर धनगरांची बिऱ्हाडं चाऱ्यासाठी पश्चिमेकडं निघतात. पुढं घोडा, त्याच्या पाठीवर वाकळा, भांडी, जाळीतली कोंबडी, वर नुकतं जन्मलेलं कोकरू. मागं सगळा कळप, आणि कडेनं कुत्री. रस्ता भरून गेला. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. कळप दोन्ही अंगांनी वाहत गेला, खुरांखाली खडी कुरकुरत राहिली. लोकरीचा आणि धुळीचा वास नाकात भरला. शेवटी काठी खांद्यावर टाकलेला माणूस आला आणि जाता जाता म्हणाला, ‘गाडी बंद केलीसा, लई बरं केलंसा. न्हायतर मेंढरं बुजत्यात, आन् एकदा बुजली की दिसभर चरत न्हाईत.’ ज्या कळपावर घर चालतं त्याचा एक दिवस माझ्या इंजिनाच्या आवाजानं बुडू शकतो, हे मला त्या वाक्यानं शिकवलं.

मग प्रश्न येतोच. एकट्या फिरणाऱ्या माणसाला हे रस्ते असे खडबडीत आवडतात. तिथं राहणाऱ्या माणसांचं काय? आजींनी तांब्या परत घेताना मला विचारलं होतं, ‘हितं डांबर कवा पडल? डांबर पडलं तर यश्टी यील. डोळ्याच्या दवाखान्याला आटपाडीला जायाचं म्हंजी कुनाचीतरी गाडी बघावी लागती.’ ज्या सडकेची खडी त्यांनी फोडली, तिच्यावरून एसटी आलेली त्यांनी अजून पाहिलेली नाही.

याला कारणं आहेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली तेव्हा सपाटीवर ५०० लोकवस्तीची अट होती. माणदेशात माणसं एका गावठाणात दाटीनं राहत नाहीत; रानोमाळ वस्त्या, वस्तीला पाच-दहा घरं. अशा वस्त्या त्या अटीत बसत नाहीत. राज्य सरकारनं २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री योजना काढली, पण पाणंद दोघांच्या बांधांमधून जाते आणि दोन्हीकडच्यांनी वीतभर माघार घेतल्याशिवाय तिथं रोलर शिरत नाही. दरम्यान रान बदललं. नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, लोकांनी वर्षानुवर्षं लढा दिला, आणि टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून इथवर आणलं. पाण्यामागून डाळिंब आलं, द्राक्ष आलं. आता खडीच्या गचक्यांनी क्रेटमधलं फळ डागाळतं आणि बाजारात भाव पडतो. अवघडलेल्या बाईला टेम्पोतून या रस्त्यानं नेताना काय होतं, ते सांगायला नको.

म्हणून मी स्वतःशी एक गोष्ट पक्की केली आहे. हे रस्ते डांबरी व्हावेत, एसटी यावी, आणि लवकर यावी. माझा रानातला आनंद कुणाच्या गैरसोयीवर उभा असेल तर तो मला नको. डांबर पडल्यावर मी आणखी आतली वाट शोधीन, आणि तीही नसेल तर चालत जाईन. पण डांबराचा थर पडला की खालची खडी दिसेनाशी होते आणि तिच्याबरोबर ती फोडणारे हातही. रस्ता कुणाच्या काळात झाला ते सांगणारा फलक लागतो, त्यावर उद्घाटन करणाऱ्याचं नाव असतं, ठेकेदाराचं असतं. मुकादमानं ब्रास मोजून घेतले त्या बायांची नावं फक्त हजेरीच्या मस्टरवर होती, आणि ती मस्टरं कुठं गेली कुणास ठाऊक. गावोगावच्या ग्रामपंचायतींनी बहात्तरच्या कामांवर राबलेल्या माणसांची नावं गोळा करून एका दगडावर कोरावीत, तलावाच्या बांधावर किंवा गावच्या वेशीत. खर्च फार नाही. दगड इथं उदंड आहे.

तुम्ही मोटरसायकलवरून अशा वाटेला जाणार असाल तर एवढं करा. टाकी भरून घ्या, टायरमधली हवा जराशी कमी ठेवा, जवळ जास्तीची ट्यूब असू द्या. वस्तीजवळ वेग कमी करा, तुमची धूळ कुणाच्या वाळवणावर बसते. मेंढरं दिसली की इंजिन बंद करा. शेतातून वाट काढू नका, शाळूचं एक ताट मोडलं तरी ते कुणाच्या तरी भाकरीचं असतं. आणि वाटेत म्हातारं माणूस भेटलं तर ही खडी कुणी फोडली, हे जरूर विचारा. नाव विचारा आणि लिहून घ्या. बहात्तर साली विशीत असलेली माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत. त्यांना विचारायला आपल्याकडं फार वर्षं उरलेली नाहीत.